औषधिविद्या आणि तिच्या वादसभा



हल्लीं औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांतून ‘सेमिनार’ या नांवाच्या सभा वारंवार भरत असतात. वर्तमानपत्रांत त्यांचीं छायाचित्रें येतात: समई, पुष्पगुच्छ, व्यासपीठावर पांच-सहा मान्यवर आणि त्यांच्या मागें लांबरुंद फलक. शेजारचा मुलगा किंवा मुलगी बी. फार्म.च्या वर्गांत असली म्हणजे ‘पोस्टर’, ‘प्रेझेंटेशन’, ‘सर्टिफिकेट’ असे शब्द कानांवर येतात, आणि घरांतील वडील माणसांस वाटतें कीं, हा कांहीं तरी नव्या काळचा समारंभ असावा. तसें नाहीं. औषधाविषयीं चारचौघांत उघड बोलावें, आपलें म्हणणें पुराव्यानिशीं मांडावें, दुसऱ्याची शंका ऐकून घ्यावी, ही चाल आपल्या देशांत फार जुनी आहे. आणि मुंबई व ठाणें या आपल्या टापूंत तर तिचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास सांगतां येतो. तो सांगण्याचा आज विचार आहे.

मी व्यवसायानें शाळामास्तर होतों. शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, तेव्हां रसायनशास्त्राच्या खोल पाण्यांत मी उतरणार नाहीं. इतिहास मात्र जन्मभर शिकविला. मी राहतों तें मानपाडा ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशीं आहे. दुसरें मानपाडा डोंबिवलीजवळ आहे, आणि आमचे पाहुणे कधीं कधीं तिकडे जाऊन पोहोंचतात! पण एका बाबतींत दोन्ही मानपाडे सारखे. दोहोंच्या आसपास रसायनांचे आणि औषधांचे कारखाने उभे राहिले, आणि कित्येक मध्यम स्थितींतील कुटुंबांची भाकरी औषधाच्या गोळीवर चालली. असल्या वस्तींत राहणाऱ्या माणसास औषध कोण करतो, तें कोण तपासतो, आणि तपासणाऱ्यास शिकवितो कोण, हे प्रश्न परके वाटत नाहींत.

चरकसंहितेच्या विमानस्थानांत ‘तद्विद्यसंभाषा’ असा एक सुंदर शब्द आला आहे. एकाच विद्येच्या जाणकारांनीं आपसांत केलेली चर्चा, असा त्याचा अर्थ. या चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत. मित्रभावानें, शिकण्याच्या इच्छेनें करावयाची ती संधायसंभाषा, आणि जिंकण्याच्या ईर्ष्येनें करावयाची ती विगृह्यसंभाषा. त्याच ग्रंथाच्या सूत्रस्थानांत चैत्ररथ वनांत भरलेल्या एका सभेचा वृत्तांत आहे. विषय होता, रस किती? एक म्हणाला, एकच. दुसरा म्हणाला, दोन. असें होत होत सात आणि आठपर्यंत मजल गेली, आणि बाह्लीक देशाहून आलेला कांकायन नांवाचा वैद्य म्हणाला कीं, रस मोजतांच यावयाचे नाहींत. शेवटीं पुनर्वसु आत्रेयांनीं सहा हा निर्णय दिला. मला या वृत्तांतांतील मोठी गोष्ट निर्णयाची वाटत नाहीं. ज्यांचें मत मान्य झालें नाहीं त्यांचीं नांवें आणि त्यांचीं मतें ग्रंथकारानें टाकून दिलीं नाहींत, ही ती गोष्ट आहे. हरलेल्या पक्षाची नोंद ठेवणें हें आजच्या कित्येक सभांसही साधत नाहीं.

युरोपांत या पद्धतीला विद्यापीठाची चौकट मिळाली ती जर्मनींत. गीसेन येथें १८२४ सालीं प्राध्यापक झालेला लीबिग हा प्रथम औषधविक्याच्या हाताखालीं उमेदवारी केलेला मुलगा. त्याच्या जगप्रसिद्ध प्रयोगशाळेचा आरंभही औषधविक्यांना शिकविण्याच्या वर्गापासूनच झाला. अफूंतून मॉर्फिन वेगळें काढणारा सेर्ट्युर्नर हाही औषधाच्या दुकानांतील सहायकच होता. म्हणजे ज्याला आपण ‘पुड्या बांधणारा’ समजतों, त्याच्या हातून रसायनशास्त्राचे केवढे प्रांत उघडले गेले तें पाहावें.

आतां आपल्या घराकडे वळूं. १८४५ सालीं मुंबईंत ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालें, आणि १८५१ मध्यें त्याची पहिली आठ जणांची तुकडी बाहेर पडली. त्यांत भाऊ दाजी लाड होते, आत्माराम पांडुरंग होते. आत्माराम पांडुरंगांनीं पुढें आपल्या ठाणें जिल्ह्यांत, भिवंडीस, देवीच्या लसीसंबंधीं काम केलें. प्रार्थनासमाजाचे संस्थापक म्हणून आपण त्यांना अधिक ओळखतों. या मंडळींना सभेची गोडी मात्र लागली ती केवळ वैद्यकाच्या वर्गांतून नव्हे. १८४८ मध्यें एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनीं ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली होती. दादाभाई नौरोजी तिच्या उत्पादकांपैकीं एक. या सभेंत निबंध वाचले जात, त्यांवर चर्चा होई; आणि तिच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखाही निघाल्या. नुसत्या बोलण्यावर न थांबतां याच मंडळींनीं १८४९ मध्यें मुलींच्या शाळा काढल्या. विद्यार्थ्यांच्या सभेनें मुलींच्या शाळा काढाव्या, ही गोष्ट आजच्या ‘स्टुडंट कौन्सिल’च्या मंडळींनीं ध्यानांत घेण्यासारखी आहे. पुढें या संस्थेचे पहिले हिंदी अध्यक्ष भाऊ दाजी झाले.

भाऊ दाजींचें नांव निघालें म्हणजे औषधिविद्येच्या इतिहासांतील एक अवघड प्रश्न पुढें उभा राहतो. महारोगावर त्यांनीं दीर्घ काळ उपचार केले, आणि त्यांच्या औषधाचा बोलबाला झाला. तें औषध म्हणजे कडू कवठाच्या बियांचें तेल. कोंकणच्या आणि घाटाच्या रानांत हें झाड आहे. परंतु औषधाचा पाठ त्यांनीं पुष्कळ दिवस उघड केला नाहीं, आणि त्यावरून त्या काळच्या वैद्यकीय वर्तुळांत त्यांच्यावर टीका झाली. भाऊ दाजींच्या उदारपणाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. गोरगरिबांचे ते आधार होते. वृत्तीनें ते संशोधक होते. शिलालेखांवर आणि नाण्यांवर त्यांनीं केलेलें काम ते उघडपणें विद्वानांच्या सभांत मांडीत. मग औषधच गुप्त कां? एक तर अर्धवट सिद्ध झालेली गोष्ट बाजारांत गेली तर तिचा दुरुपयोग होईल ही भीति; आणि दुसरें, आपल्या वैद्यकांत पाठ गुप्त ठेवण्याची पिढीजात रीत. कारण कोणतेंही असो, परिणाम एकच होतो. गुप्त औषधाची दुसऱ्यास परीक्षा घेतां येत नाहीं. तें खरें असलें तरी सिद्ध होत नाहीं आणि खोटें असलें तरी उघडें पडत नाहीं. कडू कवठाचें आणि त्याच्याच जातीच्या चौलमुग्र्याचें तेल पुढें विसाव्या शतकांत, गंधकयुक्त नवीं औषधें येईपर्यंत, महारोगावर जगभर वापरलें गेलें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या गुप्ततेची किंमत कळते.

भाऊ दाजींच्या नंतरच्या पिढींत डॉ. सखाराम अर्जुन यांनीं ही कोंडी फोडली. ग्रँट मेडिकल कॉलेजांत ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. मुंबईच्या बाजारांत मिळणाऱ्या औषधी द्रव्यांची एक सूची त्यांनीं १८७९ मध्यें प्रसिद्ध केली. बाजारांत कोणत्या नांवाखालीं कोणती मुळी विकली जाते, हें कागदावर येणें ही पहिली पायरी होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हां तिच्या आठ संस्थापकांत दोन हिंदी गृहस्थ होते, एक आत्माराम पांडुरंग आणि दुसरे सखाराम अर्जुन. प्रारंभींच्या बैठका भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्यें होत. त्याच म्युझियमला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचें नांव आहे. पुढल्याच वर्षीं सभेचें बिऱ्हाड हललें तें फिप्सन नांवाच्या मद्यविक्याच्या दुकानाच्या मागील खोलींत! सखाराम अर्जुन १८८५ मध्यें अकालीं वारले. रखमाबाईंचे ते सावत्र वडील. लग्नाच्या खटल्यांतून सुटून रखमाबाई विलायतेंतून डॉक्टर होऊन आल्या, तें त्यांच्या डोळ्यांनीं पाहणें घडलें नाहीं.

या सभेनें १८८६ पासून आपलें नियतकालिक काढलें, आणि येथें आमचें ठाणें पुढें येतें. ठाण्यास सिव्हिल सर्जन म्हणून कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे गृहस्थ होते. जन्म १८४९ चा, जातीनें पाठारे प्रभु, नोकरी लष्करी वैद्यकाची. १८७८ ते १८८० च्या अफगाण युद्धांत ते गेले होते. सरकारी डॉक्टरानें फावल्या वेळांत काय करावें याचें या मनुष्यानें एक उदाहरणच घालून दिलें. ठाणें जिल्ह्यांतील वज्राबाईच्या ऊन पाण्याच्या कुंडांत उगवणाऱ्या एका शेवाळ्यावर त्यांनीं १८८६ मध्यें निबंध लिहिला. पुढें ‘मुंबई इलाख्यांतील विषारी वनस्पति’ या विषयावर त्यांची लेखमालाच कित्येक वर्षें नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत येत राहिली.

विषारी वनस्पतींचा विषय ठाण्यास सुचावा यांत नवल नाहीं. आमच्या येऊरच्या डोंगरांत पावसाळ्यांत कळलावीचें लालपिवळें फूल दिसतें. तें इतकें देखणें कीं मुलें तोडावयास धांवतात, आणि त्याचा कंद जिवावर बेतणारा. गुंजेच्या वेलाचें तसेंच, पिवळ्या कण्हेरीचें तसेंच, धोत्र्याचें तसेंच. आदिवासी पाड्यांवरील म्हाताऱ्या माणसांस हें ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या आहे, परंतु तें तोंडीं. कीर्तिकरांसारख्यांनीं केलें तें असें कीं, झाडाचें स्थानिक नांव, शास्त्रीय नांव, चित्र आणि गुणधर्म हें सारें एकत्र आणून तें ज्ञान तपासतां येईल अशा रूपांत ठेवलें. मेजर बामनदास बसु यांच्याबरोबर त्यांनीं रचलेला ‘इंडियन मेडिसिनल प्लँट्स’ हा प्रचंड ग्रंथ १९१८ मध्यें अलाहाबादेस प्रसिद्ध झाला. कीर्तिकर १९१७ मध्येंच निवर्तले होते. वनौषधींवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आजही कीर्तिकर-बसूंवांचून पुढें जातां येत नाहीं.

हा गृहस्थ मराठीचाही उपासक होता. टेनिसनच्या एका दीर्घ काव्याच्या आधारें त्यांनीं ‘इंदिरा’ लिहिली, आणि १९०९ च्या बडोद्याच्या साहित्यसंमेलनाचें अध्यक्षस्थान त्यांस मिळालें. शेवाळें, विष आणि कविता यांचा संसार त्यांच्या ठिकाणीं सुखानें चालला होता. हल्लीं औषधिशास्त्राच्या सभांतून मराठीचा एक शब्द कानीं पडत नाहीं, आणि साहित्याच्या सभांतून औषधिशास्त्राचा. मला दोन्हींचें सारखेंच वाईट वाटतें.

प्लेगाच्या काळांत औषधिविद्येला एकदम मोठें आणि दारुण काम पडलें. १८९६ मध्यें हाफ्किन मुंबईस आले, आणि ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारांत तुटपुंज्या जागेंत त्यांनीं लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजीं ती त्यांनीं प्रथम स्वतःला टोंचून घेतली. दोन वर्षांनीं परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्यें त्यांची प्रयोगशाळा गेली. १९२५ पासून ती हाफ्किन इन्स्टिट्यूट या नांवानें ओळखली जाते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजीं पंजाबांत मुल्कोवाल नांवाच्या गांवीं एकशें सात माणसांना लस टोंचण्यांत आली. त्यांपैकीं एका बाटलींतील लस ज्यांना मिळाली ते एकोणीस जण धनुर्वातानें मेले. बाटलीचा क्रमांक होता ५३ एन. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेवर, म्हणजे हाफ्किनवर, आला. लस निर्जंतुक राखण्याच्या रीतींत त्यांनीं फरक केला होता, त्यावर चौकशी मंडळानें बोट ठेवलें, आणि त्यांस पदावरून दूर व्हावें लागलें.

हें प्रकरण तेथें मिटलें असतें. पण बाटली उघडतांना सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो ज्योतींत न धरतां नुसता औषधी पाण्यांत बुडवून पुन्हां वापरला गेला, ही गोष्ट कागदपत्रांत होती. शिवाय विष प्रयोगशाळेंतच शिरलें असतें तर कित्येक दिवस बंद असलेल्या बाटलीला दुर्गंधि यावयास हवी होती. उघडतांना तसा वास आल्याची नोंद नव्हती. शास्त्रज्ञांनीं हीं कागदपत्रें पुन्हां पुन्हां वाचलीं. मलेरियाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस यांनीं जाहीरपणें लिहिलें. आणि जुलै १९०७ मध्यें लंडनच्या ‘टाइम्स’मध्यें दहा नामांकित शास्त्रज्ञांच्या सह्यांचें पत्र प्रसिद्ध झालें कीं, हाफ्किनवरील आरोप सिद्ध होत नाहीं. सरकारला त्यांस पुन्हां कामावर बोलवावें लागलें. पांच वर्षें एका माणसाच्या माथ्यावर एकोणीस जिवांचें खापर राहिलें. तें उतरविलें तें बंद दाराआडच्या चौकशीनें नव्हे. पुरावा उघड्यावर मांडून केलेल्या वादानें.

त्याच हाफ्किन इन्स्टिट्यूटमध्यें पुढें डॉ. म्हसकर आणि फादर कायस यांनीं एक मोठी चिकाटीची परीक्षा केली. सर्पदंशावर म्हणून आपल्याकडे शेंकडों मुळ्या आणि पाले सांगितले जातात. या दोघांनीं तीनशेंहून अधिक वनस्पति घेतल्या, एकेकीची प्राण्यांवर परीक्षा केली, आणि १९३१ मध्यें निष्कर्ष छापला: एकही उपयोगाची नाहीं. हा निष्कर्ष लिहितांना हात जड झाला असेल. कारण हे देशी औषधांचे वैरी नव्हते. कीर्तिकर-बसूंच्या ग्रंथाची दुसरी आवृत्ति फादर ब्लॅटर यांच्याबरोबर सिद्ध करणारे तेच दोघे! ज्याच्यावर प्रेम करावें त्याचीच कठोर परीक्षा घ्यावी, हें त्यांना जमलें. गांवोगांवीं साप चावलेला मनुष्य मुळीवाल्याकडे नेण्यांत जो मोलाचा तास जातो, तो वांचविण्यास याहून उपयोगी संशोधन कोणतें?

इतकें सारें झालें तरी औषध हातांत देणारा मनुष्य मात्र अशिक्षितच राहिला होता. माझ्या वयाच्या श्रोत्यांना दवाखान्यांतील कंपाउंडर आठवत असेल. बाटली घरून न्यावयाची; तो मोठ्या बरणींतून लाल किंवा पांढरें मिश्रण ओतणार, आणि दांते कापलेली कागदाची पट्टी चिकटवून डोस दाखविणार. ही माणसें हुशार असत, पण बहुतेकांची विद्या डॉक्टराच्या पाठीमागें उभें राहून मिळविलेली. औषधाच्या बाजारांत तर परदेशी रद्दी माल आणि देशी भेसळ यांचें राज्य होतें. सरकारनें १९३० मध्यें कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली. तिनें पुढल्या वर्षीं सांगितलें कीं, औषधांवर कायदा हवा, तपासणीच्या प्रयोगशाळा हव्यात आणि औषधें देणाऱ्यांना शिक्षण हवें. कायदा आला १९४० मध्यें, फार्मसी ॲक्ट १९४८ मध्यें. सरकारी गाड्याची गति ही अशी.

शिक्षणाचें पाऊल पहिल्यानें पडलें काशीस. महादेव लाल श्रॉफ यांनीं पंडित मालवीयांच्या हिंदु विश्वविद्यालयांत १९३२ पासून औषधी रसायनाचा वर्ग उभारला, आणि १९३७ मध्यें तेथें बी. फार्म.चा स्वतंत्र अभ्यासक्रम निघाला. हिंदुस्थानांतील तो पहिला. श्रॉफांनीं नुसते वर्ग घेतले नाहींत. या पेशाची संघटना उभारली, आणि १९३९ पासून संशोधनपर निबंधांसाठीं नियतकालिक चालविलें. वर्ग, सभा आणि नियतकालिक या तीन गोष्टी एकत्र आल्याशिवाय विद्या मूळ धरीत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें होतें. त्यांचा जन्मदिवस, ६ मार्च, हल्लीं औषधिशिक्षणदिन म्हणून पाळला जातो.

मुंबई विद्यापीठानें १ ऑक्टोबर १९३३ रोजीं रासायनिक तंत्रविद्येचा विभाग काढला. जुन्या पिढीच्या तोंडीं तो ‘यू.डी.सी.टी.’ म्हणून आहे. मुंबई तेव्हां गिरण्यांची. म्हणून प्रथम कापडाचें रसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी हे विषय आले. १९३८ मध्यें डॉ. के. वेंकटरामन हे या विभागाचे पहिले हिंदी संचालक झाले. मॅंचेस्टरला रॉबिन्सन यांच्या हाताखालीं तयार झालेला हा मद्रासी विद्वान झाडांच्या पिवळ्या रंगद्रव्यांचा जाणता. त्यांच्या नांवानें ओळखली जाणारी एक रासायनिक प्रक्रिया जगभर शिकविली जाते. विभागाचें स्थलांतर माटुंग्यास झालें, आणि चाळीसच्या दशकांत तेथें औषधें व सूक्ष्म रसायनें हा विषय सुरू झाला. वेंकटरामन १९५७ मध्यें पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले हिंदी संचालक म्हणून गेले. त्याच वर्षीं औषधव्यवसायिकांच्या संघटनेनें मुंबईंत बॉम्बे कॉलेज ऑफ फार्मसी उघडलें. माटुंग्याच्या विभागाला २००८ मध्यें अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

माटुंग्याची मला विशेष वाटणारी गोष्ट विद्यार्थ्यांची आहे. तेथील विद्यार्थ्यांच्या टेक्नॉलॉजिकल असोसिएशननें ‘बॉम्बे टेक्नॉलॉजिस्ट’ हें नियतकालिक १९५१ पासून काढलें. स्नेहसंमेलनांत नाटकें करणारे विद्यार्थी सर्वत्र आहेत. शास्त्रीय लेखांचें पत्र चालविणारे थोडे. एल्फिन्स्टनच्या मुलांनीं १८४८ मध्यें जें केलें, त्याचाच हा वारसा म्हटला पाहिजे.

आजच्या औषधिशाळांतून काय चालतें? २५ सप्टेंबरला जागतिक औषधनिर्मातादिन असतो. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत राष्ट्रीय औषधनिर्माण सप्ताह असतो. मुलें फेऱ्या काढतात, पथनाट्यें करतात, अर्धवट सोडलेल्या प्रतिजैविकांचे तोटे लोकांना समजावून सांगतात. २००६ पासून महाराष्ट्रांतील विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधनस्पर्धा भरते, आणि तिच्यांत वैद्यक व औषधिशास्त्र यांचा वेगळा गट असतो. हें सर्व चांगलें आहे. परंतु अशा कांहीं सभांना मी श्रोता म्हणून गेलों आहें, आणि एक गोष्ट मनाला लागली. तासाभराच्या व्याख्यानानंतर प्रश्नांसाठीं पांच मिनिटें, आणि प्रमाणपत्रें वांटण्यास अर्धा तास. संधायसंभाषाही नाहीं आणि विगृह्यसंभाषाही नाहीं, संभाषाच नाहीं.

हा केवळ म्हाताऱ्या मास्तराचा कुरकुरेपणा समजूं नये. प्रश्न न विचारल्यानें माणसें मरतात. १९३७ मध्यें अमेरिकेंत एका कंपनीनें सल्फा औषध पातळ करून विकलें. विरघळविण्यास डायइथिलीन ग्लायकॉल वापरलें. चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. विषारी आहे काय, हें कोणी पाहिलें नाहीं. शंभरावर माणसें दगावलीं, त्यांत मुलें पुष्कळ. त्या धक्क्यानें तेथें पुढल्याच वर्षीं नवा कायदा झाला. आपल्याकडे तें वाचलेलें होतें, शिकविलेलेंही होतें. तरी १९८६ च्या आरंभीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत, ग्रँट मेडिकल कॉलेजच्याच रुग्णालयांत, मेंदूवरील व डोळ्यांतील दाब उतरविण्यासाठीं दिलेल्या ग्लिसरिनमध्यें हेंच द्रव्य निघालें, आणि चौदा रोगी मूत्रपिंडें निकामी होऊन मेले. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या चौकशींत खरेदीपासून सरकारी तपासणीपर्यंतची ढिलाई बाहेर आली, आणि आरोग्यमंत्र्यांस पद सोडावें लागलें.

हीं दोन द्रव्यें दिसण्यांत सारखीं. दोन्हीं रंगहीन, दाटसर आणि गोड. डोळ्यानें, जिभेनें भेद कळत नाहीं. वजन करून पाहिलें तर कळूं शकतो, कारण सारख्याच मापाचें ग्लिसरिन अधिक जड भरतें. एकांत दुसरें थोडेंसें मिसळलें असेल तर वजनही फसवितें. मग रासायनिक पृथक्करण करावें लागतें, आणि विषारी द्रव्य ०.१ टक्क्याहून अधिक नसावें अशी मर्यादा औषधसंहितांनीं घातली आहे. ही परीक्षा अवघड नाहीं, बी. फार्म.च्या विद्यार्थ्याला ती येते. तरी २०२२ मध्यें गांबिया देशांत हिंदुस्थानांतून गेलेल्या औषधांशीं संबंध जोडला गेला आणि सुमारें सत्तर मुलें गेलीं; आणि २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत मध्य प्रदेशांतील छिंदवाडा भागांत खोकल्याच्या औषधानें वीसांहून अधिक बालकांचा बळी घेतला. त्यांतील कित्येक मुलांना उपचारासाठीं आपल्या नागपुरास आणलें होतें.

या घटनेनंतर कांहीं दिवसांनीं मी एका महाविद्यालयाच्या सभेस जाऊन बसलों होतों. वक्ते मोठ्या कारखान्यांत काम केलेले होते, आणि गुणवत्तेवर सुरेख बोलले. टाळ्या झाल्या. मग मागच्या बांकावरून एक मुलगी उठली. दुसऱ्या वर्षांत असावी. तिनें विचारलें, “सर, कच्च्या मालाचीं पन्नास पिंपें आलीं तर ओळखीची परीक्षा पन्नासांची करतात, कीं नमुन्याला एकाची?” वक्ते क्षणभर थांबले, आणि त्यांनीं चष्मा काढून पुसला. म्हणाले, “करावयाला पाहिजे प्रत्येक पिंपाची.” मुलगी बसली नाहीं. ती म्हणाली, “पाहिजे तें कळलें, सर. करतात काय?” अध्यक्षांनीं जेवणाची वेळ झाल्याचें सुचविलें, पण वक्त्यांनींच त्यांना हातानें थांबविलें, खुर्ची पुढें ओढली, आणि आपण पाहिलेल्या कारखान्यांतून काय होत असे तें ते सांगूं लागले. जेवण पाऊण तास लांबलें.